जमीन परत मागणारी चित्रे : कॅनबेरातील एका मार्गदर्शित फेरीचे परीक्षण

कॅनबेरात पाहण्यासारखे काही नाही, असे सिडनीत राहणारी माणसे इतक्या खात्रीने सांगतात की परदेशी पाहुणा ते मुकाट्याने मान्य करतो आणि आपल्या दहा दिवसांतला एकही दिवस त्या शहराला देत नाही. मी तो दिला, आणि तो एका विशिष्ट कारणासाठी दिला. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींनी आपली वडिलोपार्जित जमीन परत मागण्यासाठी जी कला निर्माण केली, तिचे महत्त्वाचे नमुने या एका शहरात, एकमेकांपासून फार तर दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात आहेत. ते एकाच दिवसात, माहितगार माणसासोबत दाखवणारी एक फेरी मी घेतली. बारा प्रवाशांची छोटी बस, सकाळी नऊ ते दुपारी चार ही वेळ, माणशी १४० ऑस्ट्रेलियन डॉलर, जेवणाचा खर्च वेगळा. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी एका दिवसाच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत आणि मार्गदर्शक बदलली तर त्यातल्या निम्म्या उरणारही नाहीत. शिवाय ज्या कलाकृतींबद्दल पुढे लिहिले आहे, त्या स्वतःच्या पायांनी जाऊनही पाहता येतात.

फेरीला मी कोणत्या कसोटीवर तोलले, तेही आधी सांगायला हवे. या कलाकृती देखण्या आहेत हे कळण्यासाठी १४० डॉलर मोजावे लागत नाहीत. त्यासाठी डोळे पुरेसे आहेत. मार्गदर्शकाकडून अपेक्षा असते ती वेगळ्या माहितीची. हे चित्र कोणाला उद्देशून काढले होते, त्यात नेमके काय मागितले होते आणि ज्याच्याकडे मागितले त्याने काय उत्तर दिले, एवढे तिने सांगितले पाहिजे. ज्या ज्या ठिकाणी आमच्या मार्गदर्शक बाईंनी हे सांगितले, तेथे फेरी फारच चांगली झाली. ज्या ठिकाणी त्या रंग, ठिपके आणि ‘प्राचीन परंपरा’ यांत रमल्या, तेथे ती कोणत्याही पर्यटन पत्रकाइतकी पातळ झाली.

सुरुवातच पातळ झाली, हे दुर्दैव. जुन्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर ‘अ‍ॅबोरिजिनल टेंट एम्बसी’, म्हणजे मूलनिवासींची तंबू वकिलात आहे. २६ जानेवारी १९७२ रोजी चार तरुणांनी येथे समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तशी एक छत्री रोवली आणि तिला वकिलात म्हणून जाहीर केले. आदल्याच दिवशी पंतप्रधान विल्यम मॅकमहोन यांनी जमिनीवरील हक्काची मागणी नाकारून त्याऐवजी ५० वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे देऊ केले होते. आपल्याच भूमीत आपल्याला परक्यासारखे वागवले जात असेल, तर परक्यांना असते तशी वकिलातही आपल्याला हवी, हा त्यामागचा तिरकस आणि बिनतोड युक्तिवाद होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात पोलिसांनी तंबू उखडले, ते पुन्हा उभे राहिले, आणि १९९२ पासून वकिलात त्या जागेवर सलग आहे. हॅरल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये रेखाटलेला काळा, तांबडा आणि पिवळा ध्वज देशभर ओळखीचा झाला, तो प्रामुख्याने या हिरवळीमुळे. गवतावर माणसापेक्षा उंच अक्षरांत ‘सार्वभौमत्व’ या अर्थाचा इंग्रजी शब्द उभा आहे. अर्धगोलाकार रंगवलेले फलक, धुमसणारा पवित्र अग्नी, ठिगळ लावलेले तंबू आणि पाठीमागे पांढरेशुभ्र सरकारी भवन, असे हे सारे मिळून एकच कलाकृती आहे, आणि ती समोरच्या इमारतीशी वाद घालत उभी आहे.

आम्हाला हे सर्व बसच्या खिडकीतून दाखवण्यात आले. बस चार-पाच मिनिटे थांबली, खाली उतरू नका असे सांगितले गेले आणि कारण विचारल्यावर ‘तिथल्या लोकांना त्रास नको’ असे उत्तर मिळाले. अग्नीजवळ जाताना आणि छायाचित्र घेताना परवानगी विचारावी, हे मला मान्यच आहे. पण विचारायलाच न जाणे हा संकोच झाला, त्याला शिष्टाचार म्हणत नाहीत. जी जागा येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यासाठीच मांडलेली आहे, तिच्याकडे काचेआडून पाहणे मला अवघड वाटले. दुसऱ्या दिवशी मी एकटी चालत गेले, परवानगी विचारली, ती मिळाली आणि अर्धा तास गप्पा झाल्या. हा अर्धा तास फेरीत असायला हवा होता.

नव्या संसद भवनात मात्र मार्गदर्शक बाईंचा सूर सापडला. विमानतळावर असते तशी तपासणी होण्यापूर्वी त्यांनी आम्हाला प्रवेशद्वाराबाहेरच्या प्रांगणात थांबवले. येथे पाण्याने वेढलेल्या चौथऱ्यावर १९६ चौरस मीटरचे एक मोझेक आहे. मध्य वाळवंटातील पापुन्या वस्तीचे, वॉरल्पिरी समाजाचे चित्रकार मायकल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून, सात रंगांच्या ग्रॅनाइटचे सुमारे ९०,००० तुकडे हाताने कापून ते बसवले आहे. कांगारू, वॉलबी आणि घोरपड या पूर्वजांच्या कुळांतील माणसे एका विधीसाठी चारी दिशांनी एकत्र येत आहेत, असा त्याचा विषय. १९८८ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले तेव्हापासून हे मोझेक देशाच्या संसदेच्या दारात आहे, म्हणजे सरकारी अर्थाने याहून मोठा मान नाही. येथवर सर्वच मार्गदर्शक सांगतात. आमच्या बाईंनी पुढचेही सांगितले. मूलनिवासींच्या जमिनीवरील हक्काच्या कायद्यावरून १९९३ मध्ये सरकारशी रस्सीखेच चालू असताना हेच चित्रकार कॅनबेरात आले, त्यांनी हातोडी-छन्नी घेतली आणि आपल्याच मोझेकच्या मध्यभागाचा एक दगड काढून घेतला. मान देणाऱ्यांनी चित्राचा अर्थ घेतला नसेल, तर अर्थाचा गाभा आपण परत नेतो, असे त्या कृतीचे म्हणणे होते. ते ऐकल्यावर बाराही जणांच्या माना आपोआप मोझेकच्या मध्यबिंदूकडे वळल्या. चांगला मार्गदर्शक याहून जास्त काही करू शकत नाही.

आत यिर्काला या गावाच्या, झाडाच्या सालीवरच्या याचिका आहेत. मी कॅनबेराला आले ती मुख्यतः यांच्यासाठी, त्यामुळे यांच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. नॉर्दर्न टेरिटरीच्या ईशान्य टोकाला आर्नहेम लँडमध्ये योल्ङू लोकांची वस्ती आहे. १९६३ मध्ये सरकारने त्यांना न विचारता त्यांच्या राखीव प्रदेशातून ३०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली. योल्ङू वडीलधाऱ्यांनी संसदेकडे याचिका पाठवली, आणि ती पाठवताना असा विचार केला की कागदाला मान देणाऱ्यांना कागद द्यावा, पण आपला कायदा ज्यात लिहिला जातो त्या माध्यमातही तो लिहावा. म्हणून गुमात्ज आणि इंग्रजी अशा दोन भाषांतला टंकलिखित मजकूर युकॅलिप्टसच्या सालीच्या तुकड्यावर मधोमध चिकटवला आणि भोवती गेरूच्या रंगांत आपापल्या कुळांची चित्रे काढली. योल्ङूंचे जग धुवा आणि यिरित्जा अशा दोन अर्धांत विभागलेले आहे. एका सालीभोवती धुवा कुळांची चित्रे आहेत, दुसरीभोवती यिरित्जा कुळांची.

प्रत्यक्षात या याचिका केवढ्या लहान आहेत, हे पाहून दचकायला होते. उंची जेमतेम दोन फूट. पिवळा पडलेला कागद टंकयंत्राच्या बारीक अक्षरांनी भरलेला, आणि त्याला चारही बाजूंनी घेरून मासे, साप, कासव आणि केसाइतक्या बारीक रेघांच्या जाळ्या. जवळून पाहिले की लक्षात येते, ही चौकट शोभेची नाही. त्या रेघोट्यांची प्रत्येक जाळी एका विशिष्ट कुळाच्या विशिष्ट जागेची असते आणि ती काढण्याचा अधिकार ज्याची जागा त्यालाच असतो. मधल्या मजकुरात ‘ही जमीन आमची आहे’ असे म्हटले आहे आणि भोवतालच्या चित्रांत ती कोणाकोणाची, हे नोंदवले आहे. मराठी वाचकाला एका शब्दात सांगायचे तर मध्ये अर्ज आहे आणि कडेने सातबारा. संसदेतल्या लोकांना अर्ज वाचता आला, सातबारा वाचता आला नाही, आणि पुढच्या तीस वर्षांचा घोळ त्यातूनच झाला.

मजकुरातली एक ओळ आमच्या बाईंनी थांबून समजावली. डार्विन शहर ज्यांच्या जमिनीवर उभे राहिले त्या लाराकिया लोकांच्या वाट्याला जे आले तेच आमच्याही वाट्याला येईल, अशी भीती त्यात व्यक्त केली आहे. पहिली याचिका सादर झाल्यावर, सह्या करणारे तरुण आहेत, ते सर्वांच्या वतीने बोलतात कशावरून, अशी शंका संबंधित मंत्र्यांनी काढली. तेव्हा दुसऱ्या खेपेला वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे आले. संसदेने एक समिती नेमली, समितीने नुकसानभरपाईची आणि पवित्र जागांच्या संरक्षणाची शिफारस केली आणि खाण झालीच. योल्ङू न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योल्ङूंची स्वतःची कायद्याची व्यवस्था आहे हे मान्य केले, पण त्या व्यवस्थेतून निर्माण होणारा जमिनीचा हक्क ऑस्ट्रेलियाच्या कायद्याला ओळखता येत नाही, असे सांगून दावा फेटाळला. त्या निकालाच्या नाराजीतून आधी एक चौकशी आयोग आणि नंतर १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीपुरता जमीन हक्क कायदा आला. त्यामुळे आज त्या प्रदेशातील जवळजवळ निम्मी जमीन मूलनिवासींच्या मालकीची आहे. १९९२ मध्ये माबो खटल्याच्या निकालाने ‘ही भूमी कोणाचीच नव्हती’ ही समजूतच मोडीत काढली.

येथे बाई थांबल्या, आणि ही माझी दुसरी तक्रार. १९९२ वर थांबले की गोष्ट गोड होते. प्रत्यक्षात त्याच खाणीच्या प्रदेशातल्या, गोव द्वीपकल्पाच्या जमिनीबद्दलचा एक निकाल उच्च न्यायालयाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वांत वरचे न्यायालय) मार्च २०२५ मध्ये दिला आणि सरकारचे अपील फेटाळून, मूलनिवासींचा हक्क हिरावताना योग्य मोबदला देण्याचे बंधन केंद्र सरकारवर होते, असे ठरवले. तो दावा लावणारे गलर्वुय युनुपिङू यांच्या वडिलांचा सालीवरच्या याचिका रंगवण्यात हात होता, आणि स्वतः गलर्वुय २०२३ मध्ये, निकालापूर्वी, वारले. म्हणजे १९६३ मधल्या चित्राचे उत्तर पुढच्या पिढीच्याही पश्चात येत आहे. संसदेत उभे राहून हे सांगायचे नाही, तर कोठे सांगायचे?

याच भवनात बारुंगा निवेदन आहे. सुमारे सव्वा मीटरचा चौकोनी लाकडी फलक, मध्ये मजकूर, एका अंगाला आर्नहेम लँडची रेघांची शैली आणि दुसऱ्या अंगाला मध्य वाळवंटाची ठिपक्यांची. १९८८ च्या जून महिन्यात, नॉर्दर्न टेरिटरीतील बारुंगा येथे, मूलनिवासींच्या नेत्यांनी ते पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती दिले. पूर्वजांच्या जमिनीवर कायमचा ताबा आणि सरकारशी करार, या त्यातल्या प्रमुख मागण्या. हॉक यांनी कराराचे आश्वासन दिले. करार झाला नाही. पंतप्रधानपद सोडताना, डिसेंबर १९९१ मध्ये, त्यांनी शेवटचे काम केले ते हे निवेदन संसदेच्या भिंतीवर लावण्याचे. यावर आमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी ‘म्हणजे काम केले नाही, फ्रेम केली’ असा शेरा मारला आणि बाई हसल्या, पण त्यांनी तो खोडून काढला नाही.

बसमध्ये परतताना सांगितलेल्या दोन गोष्टी या फेरीतला अनपेक्षित लाभ ठरल्या, कारण त्या कलाकृती कॅनबेरात नाहीत. एक होती ङुरारा चित्राची. ग्रेट सँडी वाळवंटातील लोकांनी १९९७ मध्ये सुमारे आठ बाय दहा मीटरच्या कापडावर आपली भूमी एकत्र रंगवली, ते कापड जमीन हक्काच्या न्यायाधिकरणापुढे जमिनीवर अंथरले आणि प्रत्येकाने आपापल्या पाणवठ्यावर उभे राहून, आपल्या भाषेत साक्ष दिली. हक्काचा निर्णय २००७ मध्ये आला. बाईंनी त्या चित्राचे छापील छायाचित्र बसभर फिरवले. त्यावर उभी असलेली माणसे कोपऱ्यातल्या मुंग्यांएवढी दिसतात, तेव्हा चित्राच्या आकाराची कल्पना येते. दुसरी गोष्ट आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावरील ब्लू मड बे या उपसागराची. १९९६ मध्ये बेकायदा मासेमारांच्या तळावर, योल्ङूंच्या एका पवित्र जागी, मगरीचे तोडलेले डोके सापडले. त्यावर उत्तर म्हणून कलाकारांनी समुद्राची मालकी कोणाची हे सांगणारी, झाडाच्या सालीवरची ८० चित्रे काढली. ती आता सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यावर योल्ङूंचा अधिकार मान्य केला.

रेकन्सिलिएशन प्लेसबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २००२ मध्ये सरकारने उघडलेला, राष्ट्रीय ग्रंथालय आणि उच्च न्यायालय यांच्यामधला हा फलकांचा आणि शिल्पांचा मार्ग नीटनेटका आहे; पण जी कला मागणी करते आणि जी कला समेट झाल्याचे जाहीर करते, त्यांतला फरक वीस मिनिटांत पायांनाही कळतो.

जेवणानंतरचा चाळीस मिनिटांचा थांबा मात्र अक्षम्य होता. आम्हाला एका भेटवस्तूंच्या दुकानात नेण्यात आले. ठिपक्यांचे बुमरँग, ठिपक्यांचे ग्लास, ठिपक्यांचे मोजे. मी तीन वस्तू उलटून पाहिल्या. एकीवरही कलाकाराचे नाव किंवा गाव नव्हते. विक्रेत्याला विचारले, तर ‘ऑस्ट्रेलियन डिझाइन’ एवढेच उत्तर आले. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू मूलनिवासींच्या हातच्या म्हणून विकल्याबद्दल एका घाऊक व्यापाऱ्याला २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला होता, ही माहिती या विषयाची फेरी चालवणाऱ्यांना नसेल असे मानणे कठीण आहे. ज्या रेघा काढण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आम्ही दोन तासांपूर्वी संसदेत शिकलो होतो, त्याच रेघा येथे मोज्यांवर होत्या. खरेदी करायचीच असेल, तर कलाकाराचे नाव, त्याचा समाज आणि मूलनिवासींच्या मालकीच्या कला केंद्राचे प्रमाणपत्र मागावे. ते देणारी दुकाने शहरात आहेत.

शेवटी राष्ट्रीय कलादालनातले ‘अ‍ॅबोरिजिनल मेमोरियल’. दालनाच्या कायमस्वरूपी संग्रहाला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे फेरीच्या पैशांतला कोणताही भाग येथे जात नाही, हेही लक्षात ठेवावे. गोऱ्यांच्या वसाहतीला १९८८ मध्ये २०० वर्षे झाली. देश तो सोहळा साजरा करत असताना मध्य आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग आणि आसपासच्या ४३ कलाकारांनी, कला सल्लागार जॉन मंडाइन यांच्या कल्पनेवरून, २०० पोकळ ओंडके रंगवले. वाळवीने आतून खाल्लेले झाडाचे खोड आणून, त्यावर कुळाची चित्रे काढून, त्यात मृताच्या अस्थी ठेवण्याची त्यांची रीत आहे. हे ओंडके मात्र रिकामे आहेत. दर वर्षाला एक, आपली जमीन राखताना मेलेल्या आणि ज्यांचे अंत्यविधी झाले नाहीत अशा सर्वांसाठी.

काही ओंडके कमरेपर्यंतही येत नाहीत, तर काही माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंचीचे आहेत. मधून एक वळणदार वाट जाते. ती ग्लाइड नदीच्या मुखाच्या आकारात आखली आहे आणि प्रत्येक ओंडका नदीकाठच्या आपापल्या कुळाच्या जागी उभा आहे. म्हणजे येथेही तेच : स्मारक आहे आणि नकाशाही आहे. बाईंनी येथे जे केले, त्याबद्दल मी त्यांना मनापासून दाद देते. त्यांनी दोन वाक्यांत वाट कशी आखली आहे ते सांगितले आणि नंतर पंचवीस मिनिटे एक शब्दही बोलल्या नाहीत. मी एका ओंडक्याच्या वरच्या टोकाला असलेले छिद्र पाहत उभी होते. त्याच्या कडेवर गेरू सुकून पापुद्र्यासारखा झाला होता आणि आत नुसता काळोख होता. सकाळच्या चार मिनिटांच्या बसथांब्याची भरपाई या पंचवीस मिनिटांनी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. दुकानाचा थांबा काढून ती चाळीस मिनिटे तंबू वकिलातीला दिली आणि इतिहास २०२५ पर्यंत आणला, तर मी साडेचार देईन. आरक्षण करताना दोन प्रश्न आधीच लिहून विचारा : वकिलातीजवळ उतरू देणार का, आणि त्या दिवशी संसदेचे अधिवेशन आहे का, अधिवेशन असले तर तपासणीच्या रांगेतच वेळ जातो आणि सालीवरच्या याचिकांसमोर दहा मिनिटेही मिळत नाहीत. ज्यांना १४० डॉलर जास्त वाटतात, त्यांनी सकाळी जुन्या संसद भवनापासून पायी सुरुवात करावी, आधी संसद भवन गाठावे आणि कलादालन दुपारच्या शेवटच्या तासासाठी ठेवावे. त्या वेळी शाळांच्या सहली परतलेल्या असतात आणि ओंडक्यांमधली वाट मोकळी मिळते.